अमीनाबादची थंडी आणि बंद खोलीतील शेगडी

लखनौच्या अमीनाबादेत थंडीची चाहूल आधी दुकानांतून लागते. दिवाळीचे दिवे मालवतात न मालवतात तोच कापूस पिंजण्याची यंत्रे घरघरू लागतात, रजयांचे ढीग पदपथापर्यंत येतात, चिकनच्या झुळझुळीत कुर्त्यांशेजारी लोकरी शाली टांगल्या जातात आणि संध्याकाळी गुलाबी काश्मिरी चहाच्या भांड्याभोवती माणसांचे कोंडाळे जमते. डिसेंबर सरता सरता धुके उतरते. मग कित्येक दिवस सूर्य दुपारपर्यंत तोंड दाखवीत नाही. जानेवारीत रात्रीचे तापमान सामान्यतः सात-आठ अंशांवर असते. लाट आली की ते तीन-चार अंशांपर्यंत घसरते.

मुंबई-पुण्याहून बदलीवर तेथे जाणाऱ्या मराठी माणसाला या आकड्यांचे फारसे भय वाटत नाही. महाबळेश्वर त्याने पाहिलेले असते, नाशिक-निफाडचा गारठा ऐकलेला असतो. परंतु पहिल्याच हिवाळ्यात त्याच्या ध्यानात येते की येथील थंडी रस्त्यावर असते त्याहून अधिक घरात असते. गंगेच्या मैदानातील घरे मे-जूनच्या झळांचा विचार करून बांधलेली असतात. जाड भिंती, उंच छत, फरसबंद जमीन या साऱ्या गोष्टी उन्हाळ्यात सुखाच्या असतात. जानेवारीत त्याच भिंती गारठा धरून ठेवतात आणि दिवसभर सोडीत नाहीत.

नवाब अमजद अली शाह यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८४२ ते १८४७ या काळात, त्यांचे वजीर इमदाद हुसेन खान ऊर्फ अमीनुद्दौला यांनी ही पेठ वसविली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाऊ लागली. मराठी मंडळींना हा परिसर अगदीच परका नाही. लगतच्या कैसरबागेत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली उभे राहिलेले संगीत महाविद्यालय आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून नांदत आहे. अनेक मराठी गायक-वादकांनी त्या वास्तूत कडाक्याच्या थंडीत पहाटेचा रियाज केलेला आहे. बँका, रेल्वे, संशोधन संस्था यांच्या नोकऱ्यांनिमित्त मराठी कुटुंबांचे लखनौला येणे-जाणे त्यानंतरही चालूच राहिले.

झरोक्याचे काम

अमीनाबादच्या गल्ल्यांतील जुनी घरे लखौरी विटांची आहेत. बोटाच्या पेरांत मावेल इतकी पातळ वीट, चुन्याचा गिलावा, मधोमध उघडे अंगण आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीत छताखाली एक झरोका. लखनौकर त्याला रोशनदान म्हणतात. नाव प्रकाशावरून पडले असले तरी त्याचे दुसरे काम अधिक मोलाचे होते. खोलीतील तापलेली, वापरलेली हवा वर चढून तेथून बाहेर जाई आणि तिच्या जागी दाराच्या फटीतून ताजी हवा येई. घराला मधोमध अंगण असल्याने ही देवाणघेवाण रात्रंदिवस चाले. अशा घरात कोळशाची अंगीठी पेटवली जात असे. ती आधी अंगणात ठेवायची, धूर सरेपर्यंत थांबायचे, निखारे लाल झाले की आत आणायची आणि निजण्यापूर्वी पुन्हा बाहेर काढायची, ही रीत घरातील वडीलधारी मंडळी काटेकोरपणे पाळीत. धूर सरला तरी निखाऱ्यातून विषारी वायू निघतच असतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. अंगीठी आत ठेवून निजलेला माणूस सकाळी उठत नाही, एवढे मात्र त्यांना ठाऊक होते.

महाराष्ट्रातही बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची चाल होती. वारा लागू नये म्हणून दारे लावलेली, वर धुरीचा कोंडमारा. कौलारू घर आणि कुडाच्या भिंती यांमुळे पुष्कळदा निभावले, इतकेच. ती खोली सिमेंटची असती तर काय झाले असते याचा विचार करवत नाही.

गेल्या काही दशकांत झरोके बुजले. कोठे कबुतरांचा उपद्रव म्हणून, कोठे धुळीमुळे, कोठे वातानुकूलन यंत्राचा गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. लाकडी झडपांच्या खिडक्या गेल्या आणि त्यांच्या जागी घट्ट सरकणाऱ्या काचा आल्या. अंगणावर छप्पर चढले. घर अधिक स्वच्छ झाले, अधिक शांत झाले आणि त्याचे श्वास घेणे थांबले. नेमक्या अशा घरात आता गॅसवर चालणारी खोली तापविण्याची शेगडी येते. बटण दाबले की पेटणारी, काचेमागे खोट्या ओंडक्यांवर ज्योती नाचविणारी, पलंगावरून न उठता रिमोटने लहानमोठी करता येणारी. तीत धूर नाही, राख नाही, कोळसा आणण्याची दगदग नाही. म्हणूनच अंगीठीविषयी वाटणारा धाक तिच्याविषयी कोणास वाटत नाही.

ज्योतीला जे कळते ते माणसाला कळत नाही

स्वयंपाकाचा गॅस हे प्रामुख्याने प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते. एक किलो गॅस पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे अडीच घनमीटर प्राणवायू लागतो. याचा अर्थ एका साध्या हिशेबाने समजून घेता येईल. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी खोली घेतली तर तीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास असते. ते १८ टक्क्यांवर येण्यास खोलीतील सुमारे एक घनमीटर प्राणवायू खर्च व्हावा लागतो आणि तेवढ्यासाठी चारशे ग्रॅम गॅस पुरतो. ताशी दोनशे ग्रॅम गॅस जाळणारी मध्यम आकाराची शेगडी पूर्णपणे बंद खोलीत हे काम दोन तासांत उरकते. प्रत्यक्षात कोणतीही खोली पूर्णपणे हवाबंद नसते, त्यामुळे वेळ थोडा अधिक लागेल. परंतु दाराखाली पायपुसणे सारून आणि फटीत कापड कोंबून निजणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवलेला बरा.

अठरा टक्के प्राणवायू असलेल्या हवेत माणसाला विशेष काही जाणवत नाही. ज्योतीला मात्र जाणवते. तिला पुरेशी हवा मिळेनाशी झाली की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना त्याची झोंब नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचे सख्य प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट असते. म्हणजे फुप्फुसात दोन्ही एकत्र आले की जागा हाच पटकावतो आणि प्राणवायू दाराशी ताटकळत राहतो. जागा असलेल्या माणसाचे आधी डोके दुखते, मग मळमळते, भोवळ येते, हातपाय जड होतात. झोपलेल्याला यांतले काहीच कळत नाही.

या ठिकाणी एक गैरसमज दूर करावयास हवा. घरगुती गॅसला जो उग्र वास येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या गंधद्रव्याचा असतो आणि तो न जळलेल्या गॅसची गळती ओळखण्यासाठी असतो. गॅस जळताना ते गंधद्रव्यही जळून जाते. त्यामुळे 'वास येत नाही, म्हणजे धोका नाही' हे म्हणणे शेगडीच्या बाबतीत निरुपयोगी ठरते.

एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येते. सकाळी खिडकीच्या काचा आतून ओल्या दिसल्या, कपाटामागील भिंतीला बुरशी धरली, तर शेगडीचे उत्सर्जन खोलीतच राहत आहे असे समजावे. एरवी घरमालकाशी 'भिंतीला ओल येते' म्हणून वाद घालण्यात दोन महिने जातात.

दामनची रात्र

नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्यात दामन हे थंड हवेचे ठिकाण आहे. २०२० सालच्या जानेवारी महिन्यात केरळमधील पंधरा पर्यटकांचा गट पोखरा पाहून परतताना तेथे एका निवासस्थानी उतरला. खोल्या चार घेतल्या होत्या. परंतु गारठा इतका की आठ जण एकाच खोलीत निजले, कारण तेथे गॅसवर चालणारा हीटर होता. त्या आठांत दोन दांपत्ये आणि चार मुले होती. दारे-खिडक्या आतून लावलेल्या होत्या. २१ जानेवारीच्या सकाळी सर्व जण बेशुद्धावस्थेत आढळले. हेलिकॉप्टरने त्यांना काठमांडूला नेण्यात आले. त्यांतील एकही वाचला नाही.

या घटनेत गॅसचा भडका उडालेला नव्हता, कोणतीही वस्तू जळाली नव्हती. ऊब हवी म्हणून माणसे एका खोलीत आली, ऊब टिकावी म्हणून दार लावले. याहून वेगळे काही त्यांनी केले नाही आणि कोणतेही कुटुंब त्यांच्या जागी असते तर तेच केले असते.

महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रकार न्हाणीघरातील गॅस गिझरच्या रूपाने परिचित आहे. पुणे, मुंबई, नाशिक येथील वृत्तपत्रांत दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. कारण वरच्या हिशेबातच दडलेले आहे. पाच फूट रुंद, सात फूट लांब व आठ फूट उंच न्हाणीघरात जेमतेम आठ घनमीटर हवा असते आणि गिझर शेगडीच्या चौपट वेगाने गॅस जाळतो. न्हाणीघर बंद असेल तर खोलीला जेथे दोन तास लागतात तेथे याला सहा-सात मिनिटे पुरतात. अंघोळीला साधारण तेवढाच वेळ लागतो. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत आणणे, हाच यावरील उपाय आहे आणि तो फारसा खर्चिकही नाही.

धुराडे कोठे सोडावे

गॅसची शेगडी घेताना दुकानदारास पहिला प्रश्न विचारावयाचा तो किमतीचा नव्हे, तिचे धुराडे कोठे आहे हा. या दृष्टीने शेगड्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात दोन नळ्या एकात एक बसविलेल्या असतात. बाहेरच्या पोकळीतून ताजी हवा ज्वालकाकडे येते आणि आतल्या नळीतून उत्सर्जन भिंतीपलीकडे जाते. ज्योत जाड काचेमागे पूर्णपणे बंदिस्त असते. खोलीच्या हवेशी तिचा काहीही संबंध येत नाही, म्हणून शयनगृहात बसवायचीच झाली तर हीच बसवावी. दुसऱ्या प्रकारात शेगडी हवा खोलीतून घेते, पण उत्सर्जन चिमणीवाटे बाहेर सोडते. तिसऱ्या प्रकाराला धुराडेच नसते. चाकांवर सरकणारी, पोटात सिलिंडर घेऊन फिरणारी स्वस्त हीटरे याच प्रकारातली. यांचा वापर फक्त मोठ्या, हवेशीर दिवाणखान्यात, माणसे जागी असताना आणि खिडकी किलकिली ठेवूनच करावा. निजण्याच्या खोलीत आणि न्हाणीघरात त्यांना स्थान नाही.

इंग्लंडमधील मराठी कुटुंबांच्या घरी भिंतीतील गॅस शेगडी ही रोजची वस्तू आहे. तेथील १९९८ सालच्या नियमावलीने निजण्याच्या खोलीत खोलीच्या हवेपासून बंदिस्त नसलेली मोठी उपकरणे लावण्यास मनाई केली आहे. लहान उपकरणास, खोलीतील हवा धोकादायक होण्यापूर्वी गॅस आपोआप तोडणारी व्यवस्था असणे बंधनकारक आहे. गॅसचे काम नोंदणीकृत कारागिरावाचून कोणीही करू शकत नाही. आपल्याकडे ही शिस्त कायद्याची वाट न पाहता घरोघरी लावून घेता येण्याजोगी आहे.

अमीनाबादसारख्या दाट वस्तीत धुराड्याचा प्रश्न जरा किचकट होतो. घरांना सामाईक भिंती आहेत, गल्ली अरुंद आहे. भिंतीत भोक पाडून नळी बाहेर काढली तर ती अनेकदा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर उघडते किंवा वरून छप्पर घातलेल्या अंगणात उघडते. अशा अंगणात सोडलेले उत्सर्जन कोठेही जात नाही. फिरून घरातच येते. नळीचे तोंड उघड्या आकाशाखाली, कोणत्याही दार-खिडकीपासून दूर असावयास हवे. ते शक्य नसेल तर त्या घरात गॅसची शेगडी बसवू नये आणि विजेच्या तेलभरल्या हीटरवर समाधान मानावे. सिव्हिल लाइन्सकडील जुन्या बंगल्यांत, तसेच आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांत साहेबी अमदानीच्या चिमण्या तयारच असतात. त्यांचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु त्या चिमण्यांत कबुतरांची किती पिढ्यांची घरटी साचली आहेत हे वर चढून पाहिल्यावाचून खाली ज्योत पेटवू नये.

खोलीतून हवा घेणारी शेगडी असेल तर बुजवलेला झरोका आधी मोकळा करावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून एक जाळी छताजवळ आणि दुसरी जमिनीजवळ, दोन्ही थेट बाहेर उघडणाऱ्या आणि बंद करता न येणाऱ्या असाव्यात. थंड वारा येतो म्हणून त्यांवर वर्तमानपत्र चिकटवण्याचे कार्य घरातील कोणी ना कोणी तरी करतेच. त्या व्यक्तीला दामनची हकीकत सांगावी.

लखनौत ग्रीन गॅस लिमिटेड ही गेल व इंडियन ऑइल यांची २००५ साली स्थापन झालेली संयुक्त कंपनी नळाने नैसर्गिक वायू पुरविते. हा वायू मुख्यतः मिथेन असतो आणि हवेपेक्षा हलका असल्याने गळला तर छताकडे जातो. सिलिंडरच्या गॅससाठी बनविलेली शेगडी नळाच्या वायूवर किंवा उलट चालत नाही, कारण दोहोंच्या जेटची छिद्रे निराळ्या मापाची असतात. नळाच्या वायूच्या शेगडीला जेट न बदलता सिलिंडरचा गॅस जोडला तर ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी होते. परदेशातील नातलगांनी हौसेने आणलेल्या शेगडीबाबत तर हे विशेषच खरे, कारण तिला लागणारा दाब आपल्या रेग्युलेटरशी जुळतोच असे नाही. नळी भारतीय मानक चिन्हाची 'सुरक्षा' नळीच असावी, तिची लांबी दीड मीटरच्या आत असावी, तिला मध्ये सांधा नसावा आणि पाच वर्षांनी ती बदलावी. घरगुती जोडणीचा सिलिंडर मूलतः स्वयंपाकासाठी दिलेला असतो, तेव्हा शेगडी जोडण्यापूर्वी वितरकाशी बोलून घ्यावे. थंडीत गॅस कमी येतो म्हणून सिलिंडर आडवा करणे किंवा गरम पाण्यात ठेवणे हा उत्तरेतील सर्रास प्रकार आहे. सिलिंडर आडवा झाला की द्रवरूप गॅस रेग्युलेटरपर्यंत पोहोचतो आणि ज्योत अकस्मात भडकते.

रिमोट हाती आल्यावर

रिमोट स्वतः काही पेटवीत नाही. तो शेगडीच्या पोटातील एका पेटीला संदेश देतो. ती पेटी झडप उघडते आणि ठिणगी पाडते. झडप उघडी राहण्यासाठी ज्योतीत एक बारीकशी धातूची कांडी धरलेली असते, तिला थर्मोकपल म्हणतात. ज्योतीच्या उष्णतेने तीत अत्यल्प वीज निर्माण होते आणि त्या विजेवर झडप तगून असते. ज्योत विझली की कांडी थंड होते, वीज थांबते आणि झडप मिटते. चांगल्या शेगडीत याच्या जोडीला प्राणवायू-दर्शक पायलट ज्योत असते. खोलीतील प्राणवायू साधारण साडेअठरा ते अठरा टक्क्यांवर आला की ही लहानशी ज्योत आपल्या जागेवरून उचलली जाते, कांडीला उष्णता मिळेनाशी होते आणि गॅस आपोआप तुटतो. ही व्यवस्था नसलेली, धुराड्यावाचूनची शेगडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आणि असलेली शेगडी वारंवार विझू लागली तर 'बिघडली' म्हणून ती व्यवस्था काढून टाकणारा कारागीर दारातूनच परत पाठवावा. शेगडी बिघडलेली नसते. खोलीची हवा बिघडलेली असते.

रिमोटचे दोन प्रकार आहेत. एक दूरचित्रवाणीच्या रिमोटसारखा, समोर असल्यावाचून न चालणारा. दुसरा रेडिओलहरींवर चालतो आणि भिंतीपलीकडूनही शेगडी पेटवू शकतो. सोयीचा दुसरा, सुरक्षित पहिला. शेजारच्या खोलीतून बटण दाबणाऱ्याला शेगडीपुढे वाळत टाकलेली शाल दिसत नाही, रांगत आलेले मूल दिसत नाही. जी शेगडी डोळ्यांसमोर नाही ती पेटवू नये, हा नियम रेडिओचा रिमोट असणाऱ्यांनी कसोशीने पाळावा. मुलांसाठीचे कुलूप असल्यास ते चालू ठेवावे. नसल्यास रिमोट सोफ्यावर न टाकता उंच खुंटीवर ठेवावा. गादीखाली दबलेला रिमोटही शेगडी पेटवू शकतो.

अनेक शेगड्यांत तापमान ठरवून देण्याची सोय असते. खोली गार झाली की शेगडी आपली आपण पेटते. दिवाणखान्यात संध्याकाळी हे ठीक आहे. रात्री मात्र ही सोय बंद करावी, कारण पहाटे तीन वाजता, गारठा सर्वाधिक असताना, घरात जागे कोणीच नसते आणि शेगडी तेव्हाच जोमाने पेटत असते. रिमोटवरील बंदचे बटण म्हणजे गॅस बंद नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. त्या बटणाने मोठी ज्योत जाते, पायलट ज्योत कित्येक शेगड्यांत जळतच राहते. निजण्यापूर्वी रेग्युलेटरची कळ किंवा नळावरील तोटी हातानेच फिरवावी लागते. पेटीतील बॅटऱ्या प्रत्येक हिवाळ्याच्या आरंभी नव्या घालाव्यात. विजेवर चालणारी शेगडी असेल तर वीज जाऊन परत आल्यावर ती आपोआप पेटत नाही ना, हे दिवसाउजेडी मुख्य कळ बंद-चालू करून एकदा तपासावे.

गॅसचा वास आला तर रिमोटला हात लावू नये. बंद करण्याच्या हेतूने दाबलेले बटणही चुकून ठिणगी पाडू शकते. तीच गोष्ट दिव्याच्या आणि पंख्याच्या बटणाची. दारे-खिडक्या उघडाव्यात, सिलिंडरची कळ फिरवावी, सर्वांना बाहेर काढावे आणि मग बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवावे.

दोन वेगळ्या घंटा

बाजारात गॅसगळती ओळखणारे यंत्र मिळते आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे यंत्रही मिळते. दुकानदार पुष्कळदा दोहोंना 'गॅस अलार्म' म्हणतो आणि ग्राहक एक घेऊन निश्चिंत होतो. ही दोन निराळी यंत्रे आहेत. सिलिंडरच्या गॅसचे गळतीयंत्र जमिनीजवळ लावतात, नळाच्या वायूचे छताजवळ. कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच हलका-जड असल्याने त्याचे यंत्र श्वासाच्या उंचीवर, शेगडीपासून एक ते तीन मीटरवर असावे. ज्या खोलीत कोणी निजते तेथे ते असलेच पाहिजे. त्याची किंमत चांगल्या रजईहून अधिक नसते.

घरातील दोघा-तिघांची डोकी एकाच वेळी दुखू लागली, बाहेर गेल्यावर बरे वाटू लागले आणि घरी परतताच पुन्हा दुखू लागली, तर ती सर्दी नव्हे. शेगडी बंद करून सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि वैद्यकीय मदत मागवावी. कोविडच्या साथीत घरोघरी बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर आले. या प्रसंगी ते फसवे ठरते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरल्यासारखे दिसते, त्यामुळे माणूस बेशुद्ध होत असतानाही यंत्र अठ्ठ्याण्णव दाखवू शकते. रुग्णालयात रक्ताची तपासणी करून प्राणवायू दिला जातो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तास. रुग्णास घरीच ठेवून लिंबूपाणी देत बसण्यात हा फरक वाया जातो. खोलीत कोणी पडलेले दिसल्यास आत धावण्यापूर्वी दार सताड उघडावे, अन्यथा मदतीस गेलेलाही तेथेच पडतो.

बँकेच्या शाखांतही ही दक्षता हवी. रात्रपाळीचे सुरक्षारक्षक एटीएमच्या काचेच्या कोठडीत दार लावून बसतात. लखनौ, कानपूर, वाराणसीच्या थंडीत त्यांनी पायाशी तव्यावर निखारे किंवा लहानसा गॅस हीटर ठेवला तर त्यांना दोष देता येत नाही. कोठडी मात्र न्हाणीघराहून फारशी मोठी नसते. शाखा व्यवस्थापकांनी रक्षकांना जाड कोट, विजेचा लहान हीटर आणि गरम चहाची सोय करून द्यावी आणि कोठडीत ज्योत नको हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

गॅस कंपन्यांनी आपल्या ग्राहकांसाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा घेतलेला असतो व त्यासाठी ग्राहकास वेगळा हप्ता भरावा लागत नाही. अपघात झाल्यास वितरकास तातडीने लेखी कळविणे आवश्यक असते. घराचा विमा घेतलेल्या खातेदारांनी आपल्या पॉलिसीत गॅस उपकरणांविषयी काय म्हटले आहे, हे हिवाळ्यापूर्वीच वाचावे.

होळीच्या सुमारास अमीनाबादेतील रजया पुन्हा गाठोड्यांत जातात आणि शेगडी माळ्यावर जाते. तेथे ती आठ महिने पडून असते. ज्वालकाच्या हवेच्या भोकांत कोळी जाळे विणतो. कापडबाजाराच्या या वस्तीत सुताची बारीक धूळही तेथे जाऊन बसते. पुढच्या हिवाळ्यात ज्योत निळी न येता पिवळी येते ती बहुधा यामुळेच. शेगडी ठेवताना ज्वालकाची तोंडे कापडाने बांधावीत, काढताना मऊ कुंचल्याने साफ करावीत आणि पहिल्यांदा पेटविताना ती अंगणात, उघड्यावर पेटवून ज्योतीचा रंग पाहावा. कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्रामागे त्याची मुदत छापलेली असते, ती सामान्यतः पाच ते दहा वर्षांची असते. तीही त्याच दिवशी पाहून घ्यावी.